हसले ते पाचशे

मराठीत माफी मागतात. क्रियापदच सांगतं, की ती वस्तू दुसऱ्याच्या हातात आहे. त्यानं दिली तर मिळेल, नाहीतर मागणाऱ्यानं हात हलवत परत यायचं. आमच्या गोव्यातल्या कोकणीत क्षमा करण्याला ‘भोगसणें’ असा शब्द आहे. ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या प्रार्थनेत ‘आमचीं पातकां भोगोस’ असं येतं. व्युत्पत्ती काय असेल ती असो, माझ्या मराठी कानाला त्यात ‘भोगणं’ ऐकू येतं. क्षमा करणाऱ्यालाही थोडं सोसावं लागतं, असं त्या शब्दानं मला लहानपणापासून पटवून ठेवलं आहे.

विनोदापायी आज जी जाहीर माफी होते, तिच्यात धड कुणी मागत नाही आणि कुणी सोसतही नाही. ती वसूल होते. ‘माफी मागा, नाहीतर’ एवढं म्हटलं की पुढचं वाक्य कुठल्याही वसुलीवाल्याला पाठ असतं. मग दोन-तीन दिवसांत मोबाइलवर व्हिडिओ येतो. मागे रिकामी भिंत, अंगात साधा टी-शर्ट, पडलेला आवाज, आणि घासून गुळगुळीत झालेलं ते एकच वाक्य: ‘कुणाच्याही भावना दुखावण्याचा माझा हेतू नव्हता, तरीही कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर मी दिलगीर आहे.’

या वाक्याची चेष्टा पुष्कळ होते. त्यातला ‘तर’ पळपुटा आहे हे शाळकरी मुलालाही कळतं. पण ते असं का घडलं, याकडे फारसं कुणी बघत नाही. ते विनोदकाराचं वाक्य नव्हेच, वकिलाचं आहे. धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं २९५अ हे कलम इंग्रजांनी १९२७ साली दंडविधानात घातलं. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेत २९९ क्रमांकानं आलं. त्या कलमाचा सगळा जीव हेतूत आहे. अपमान जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं केलेला असेल तरच तो गुन्हा. म्हणून माफीचा व्हिडिओ ‘हेतू नव्हता’ इथपासून सुरू होतो. बाजारात आपला पाय कुणाच्या पायावर पडला, तर आपण आधी पाय उचलतो आणि मग ‘दिसलं नाही हो’ म्हणतो. इथं पाय तसाच आणि निवेदन चालू. कारण ते निवेदन ज्याचा पाय चिरडला त्याच्यासाठी नसतं, पोलीस ठाण्यातल्या फाइलीसाठी असतं.

बरं, तिथंही ते नीट चालत नाही. जानेवारी २०१५ मध्ये ‘अवधनामा’ या उर्दू दैनिकाच्या मुंबई आवृत्तीच्या संपादक शिरीन दळवी यांनी ‘शार्ली एब्दो’ या फ्रेंच व्यंगसाप्ताहिकाचं पैगंबरांचं चित्र असलेलं मुखपृष्ठ बातमीसोबत छापलं. लगोलग त्यांनी माफीही छापली. तरी गुन्हे दाखल झाले, अटक झाली, नोकरी गेली. माफी म्हणजे कबुलीजबाब, असाच तिचा अर्थ लावला गेला. पुढच्या वर्षी जानेवारीत विनोदी नट किकू शारदा यांना डेरा सच्चा सौदा पंथाचा प्रमुख गुरमीत राम रहीमची नक्कल केल्याबद्दल हरियाणाच्या पोलिसांनी अटक केली. त्यांनी माफी मागितली. ऑगस्ट २०१७ मध्ये न्यायालयानं त्याच राम रहीमला बलात्काराबद्दल दोषी ठरवलं. किकूंना त्यांची माफी कुणी परत नेऊन दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आणि विनोदकार मुनव्वर फारुकी तर १ जानेवारी २०२१ ला इंदूरमध्ये कार्यक्रम रंगायच्या आतच पकडला गेला. तो काय बोलेल या संशयापायी महिन्याहून अधिक काळ तुरुंगात राहिला, आणि सर्वोच्च न्यायालयानं जामीन दिल्यावर सुटला. न केलेल्या विनोदाची माफी कशी मागायची, याचं काही शास्त्र अजून कुणी लिहिलेलं नाही.

एवढं सांगून झाल्यावर ‘विनोदासाठी कधीच माफी मागू नये’ असं मी म्हणेन, अशी वाचकाची अपेक्षा असेल. त्या पंगतीला मी बसत नाही. का, ते सांगायला तीसेक वर्षं मागे, फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या जत्रेत जावं लागेल.

आमच्याकडे जत्रेचं नाटक गावचेच लोक करतात. देवळासमोर मांडव, पुढे भाड्याच्या खुर्च्या, मागे चटया, कडेला चण्यांची आणि खाज्यांची दुकानं. मुख्य संगीत नाटकाची रंगरंगोटी रेंगाळते, तोवर लोकांना धरून ठेवायला आधी एक छोटा फार्स. त्या वर्षीचा फार्स मी लिहिला होता. बावीस वर्षांचा होतो. पणजीच्या कला अकादमीच्या स्पर्धेतली चार नाटकं बघून आपल्याला नाटक कळतं असा समज झाला होता. फार्समध्ये एक बस कंडक्टर होता आणि तो अडखळत बोलायचा. थांब्याचं नाव त्याच्या तोंडून पुरं बाहेर पडेपर्यंत थांबा मागे गेलेला असायचा. विनोद एवढाच. पण चालला. असा चालला, की शेवटच्या थांब्याला पेटीवाल्यानंही पेटीवरचे हात उचलून टाळ्या दिल्या.

आमच्या गावच्या बसवर तसा कंडक्टर खरोखर होता. खोटं कशाला बोलू, त्याच्यावरूनच मी तो उचलला होता. चौथ्या-पाचव्या रांगेत तो बायको आणि मुलाला घेऊन बसला होता. पहिल्या दोन थांब्यांना तो हसलेला मला विंगेतून दिसला. तिसऱ्या थांब्याला मुलाचा हात धरून उठला.

सकाळी मी त्याच्याकडे गेलो. कुणी पाठवलं नव्हतं, रात्री झोप लागली नव्हती एवढंच. पहिल्या फेरीला अजून वेळ होता, रस्त्याच्या कडेला तो बस धूत होता. ‘बाब, काल चूक जाली,’ मी म्हणालो. त्यानं बालदी खाली ठेवली. रागावलेला नव्हता. ‘म्हजेकडेन कित्याक आयलो तूं? काल हांसले ते पांचशें जाण. आतां तेच म्हज्या बशींत बसतले.’ हे बोलताना तो कुठं आणि किती अडखळला ते मी लिहिणार नाही.

माझ्याकडे का आलास? हसले ते पाचशे, आणि आता तेच माझ्या बसमध्ये बसणार. या माणसानं मला तेव्हा जे दाखवलं ते मला आजवर कुठल्या पुस्तकात मिळालेलं नाही. मी विनोद मांडवात केला आणि माफी मागायला रस्त्याकडेला, कुणी बघत नसताना गेलो. विनोदानं त्याचं नुकसान माझ्यामुळे झालं नव्हतं, त्या पाचशे लोकांमुळे होणार होतं. झालंही. पुढे कित्येक महिने मागच्या सीटवरची पोरं थांब्यांची नावं माझ्या फार्समधल्यासारखी ओरडायची, आणि तो तिकिटं फाडत राहायचा. माझं ‘चूक जाली’ त्याच्या काय उपयोगाचं होतं? ते त्याला नको होतं. मला हवं होतं.

त्या दिवशी मी मंडळाच्या अध्यक्षांना म्हटलं, उद्याच्या प्रयोगाआधी मला दोन मिनिटं द्या. ते म्हणाले, देवाच्या उत्सवात रडगाणं कशाला? मी गप्प बसलो. सुटल्यासारखंही वाटलं.

तेव्हापासून विनोदाच्या माफीकडे बघायची माझी एकच पट्टी आहे: विनोद जिथवर पोचला तिथवर माफी पोचते का, आणि ज्याच्या अंगावरून तो गेला त्याला पुढचे दिवस सोपे होतात का? या पट्टीनं मोजलं तर टीव्हीवर गाजलेल्या बऱ्याच माफ्या भरत नाहीत आणि काही अनपेक्षितपणे भरतात.

सप्टेंबर २०१६ चं उदाहरण घ्या. कोपर्डीतल्या मुलीवरच्या अत्याचारानंतर आणि तिच्या खुनानंतर मराठा समाजाचे मूक मोर्चे निघत होते. शिवसेनेच्या ‘सामना’त एक व्यंगचित्र आलं, ‘मूक’चं ‘मुका’ करून. मराठीत शब्दकोटीला आपण फार भुलतो. एक ऱ्हस्व-दीर्घ इकडचा तिकडे झाला की टाळी. पण इथं कोटी जाऊन बसली होती ती त्या मोर्चात पुढे चालणाऱ्या मुलींवर, आणि त्या कशासाठी चालत होत्या हे माहीत असताना. व्यंगचित्रकारानं दिलगिरी व्यक्त केली, कचेऱ्यांवर दगड पडले, आणि मग उद्धव ठाकरे यांनी पत्रकार परिषदेत माताभगिनींची माफी मागितली. एका व्यंगचित्रकारानं स्थापन केलेल्या पक्षाला व्यंगचित्रापायी माफी मागावी लागली, यात काहींना फार मोठा विरोधाभास दिसला. मला दिसला नाही. त्यात मतांचं गणित होतं हे उघडच आहे. पण व्यंगचित्र ज्या लोकांपर्यंत गेलं त्यांच्यापर्यंत माफी गेली, आणि ते ज्यांच्याविषयी होतं त्यांना ती उद्देशून होती. एवढ्यापुरती ती माझ्या पट्टीवर उतरते. दगड मारणाऱ्यांनी मात्र ती माफी निम्म्यानं खराब केली, कारण दगड पडल्यावर आलेली माफी मनातून आली की काचेतून, हे कुणीच सांगू शकत नाही.

ऑगस्ट २०२५ मधलं प्रकरण अधिक अवघड आहे. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी हा मुलांचे स्नायू गिळत जाणारा दुर्मीळ आजार. त्यावरचं एक इंजेक्शन सोळा कोटींच्या घरात जातं. त्या किमतीवरून, त्या मुलांवरून आणि इतर अपंगांवरून मंचावर विनोद झाले. रुग्णांसाठी काम करणारी संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि न्यायालयानं समय रैनासह पाच विनोदकारांना आपापल्या वाहिन्यांवर जाहीर माफी मागायला सांगितलं. ‘आपापल्या वाहिन्यांवर’ हे शब्द वाचून मला तो बस धुणारा माणूस आठवला. जिथं हसले तिथं सांगा! पुढे नोव्हेंबरमध्ये न्यायालय आणखी एक पाऊल पुढे गेलं: महिन्यातून किमान दोन कार्यक्रम करा, अपंग माणसांना त्यात बोलवा, त्यांच्या उपचारांसाठी निधी गोळा करा.

मला हे आवडलं, आणि आवडलं याची थोडी भीतीही वाटली. आवडलं, कारण यात माफी तोंडातून निघून हातात आली. ज्या मंचावरून त्या मुलांची चेष्टा झाली त्याच मंचावर त्यांचं येणं, हे शंभर व्हिडिओंपेक्षा मोलाचं. भीती अशासाठी, की उद्या न्यायालयासमोर येणारा अर्जदार आजारी मुलाचा बापच असेल असं नाही. एखाद्या महाराजांचा भक्तगणही असेल. माफीचा मसुदा न्यायाधीशांनी ठरवायचा हा पायंडा एकदा पडला, की तो कुणाच्याही कामी येईल. विनोदकारांनी न्यायालयात खेचलं जायच्या आधीच हे केलं असतं, तर न्यायालयाला मंचाचं वेळापत्रक आखायची वेळच आली नसती. त्यांचं खरं चुकलं ते इथं.

आता याच्या अगदी उलट टोकाला मार्च २०२५. विनोदकार कुणाल कामराचं एक विडंबनगीत बाहेर आलं, मुंबईत खारच्या हॅबिटॅट स्टुडिओत उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावर नाव न घेता म्हटलेलं, ‘गद्दार’ या शब्दासह. शिंदे गटाच्या शिवसैनिकांनी स्टुडिओ फोडला. दुसऱ्या दिवशी महापालिकेला त्याच जागेतलं बेकायदा बांधकाम दिसलं आणि हातोडे घेऊन तिची माणसं आली. तोडफोड करणाऱ्यांना अटक झाली, त्याच दिवशी जामीनही मिळाला. मुख्यमंत्र्यांनी कामरानं माफी मागावी असं म्हटलं. कामरानं मागणार नाही असं सांगितलं. शिवाय आपण म्हटलं तेच शिंद्यांबद्दल अजित पवारही म्हणाले होते, याची आठवण करून दिली.

कामराचा विनोद मला विशेष ग्रेट वाटला नव्हता. गाण्याची चाल होती म्हणून तो चालला. पण पट्टी लावली तर प्रश्नच उरत नाही. उपमुख्यमंत्र्यांच्या अंगावरून तो विनोद गेला, आणि त्यांचे पुढचे दिवस त्यानं कणभरही अवघड झाले नाहीत. त्यांच्याकडे खातं आहे, पक्ष आहे, रोज संध्याकाळी माईक घेऊन उभे राहणारे पत्रकार आहेत. ते उत्तर देऊ शकतात, हसून उडवून लावू शकतात. आमच्या कंडक्टरकडे यातलं काय होतं? अशा ठिकाणी व्यंगकाराला शोभणारी माफी एकच, तो जुना, अनेकांच्या नावावर खपणारा किस्सा आहे ना: ‘सभागृहातले निम्मे सभासद गाढव आहेत’ म्हटल्यावर गदारोळ झाला, शब्द मागे घ्या अशी मागणी आली, आणि वक्ता उठून म्हणाला, ‘शब्द मागे घेतो. सभागृहातले निम्मे सभासद गाढव नाहीत.’

वर मारलेला विनोद आणि खाली मारलेला विनोद, एवढी सोपी विभागणी केली की लेख संपवता आला असता. पण वर कोण आणि खाली कोण हे दर वेळी इतकं सरळ नसतं. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच मुनव्वर फारुकीनं मुंबईतल्या एका कार्यक्रमात प्रेक्षकांशी गप्पा मारता मारता कोकणी लोकांबद्दल एक शिवीवजा शब्द वापरला. गोव्यातही ती क्लिप घरोघर फिरली. आमच्याकडे आधी वाद झाला तो ‘कोकणी म्हणजे कोण, आम्ही की ते रत्नागिरीचे?’ हा. (या प्रश्नावर गोव्यात कुठल्याही वेळी तासभर सहज जातो.) विनोद आळशी होता, समोरच्या माणसाचं गाव ऐकून तोंडाला आलेली शिवी. फारुकीनं माफी मागितली, कोकणातल्या लोकांचं मन दुखवायचं नव्हतं म्हणाला. दुसरीकडे त्याला चोपणाऱ्याला एक लाखाचं बक्षीस देण्याची भाषा झाली, पाकिस्तानात पाठवायची भाषा झाली.

इथं वर कोण? मंचावर माईक त्याच्या हातात, लाखो चाहते त्याचे, म्हणजे वर तो. पण मंचावरून उतरला की इंदूरच्या तुरुंगात राहून आलेला, बंगळुरूपासून गोव्यापर्यंत २०२१ च्या एका नोव्हेंबर महिन्यात ज्याचे कार्यक्रम रद्द झाले, तो मुसलमान पोरगाही तोच. कोकणी माणसाला त्या शिवीनं काय झालं? माझं तर काही झालं नाही. सकाळी उठलो, पेज जेवलो. माझ्या मते तिथं माफी योग्य होती, आणि ती मागितली गेली तिथंच ते प्रकरण संपायला हवं होतं. पण ज्यांना माफी हवी होती त्यांना ती मिळाल्यावर काय करायचं हेच ठाऊक नसतं. माफी मागितली की ती द्यावी लागते, हा व्यवहाराचा दुसरा अर्धा भाग कुणी शिकवलेलाच नाही. ‘भोगसणें’ राहूनच जातं.

जुन्या खेळांत हे कसं होतं, असा विचार मी पुष्कळदा करतो. पेडण्याकडच्या दशावतारात संकासूर येतो, काळ्या कपड्यात, आणि भटजीची यथेच्छ टर उडवतो. तियात्र, म्हणजे गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांचं गाण्यांनी भरलेलं कोकणी नाटक, १८९२ साली मुंबईत सुरू झालं. आजही त्याच्या कांतारांत, म्हणजे गाण्यांत, मंत्र्यांची नावं घेऊन गायलं जातं, टाळ्यांनी गाणं परत म्हणून घेतलं जातं, आणि दुसऱ्या गायकाला ते पटलं नाही तर तो आपल्या तियात्रात उलट कांतार बांधतो. पोर्तुगीज अमलात संहिता आधी सरकारकडून तपासून घ्यावी लागे, त्यामुळे बोचरं बोलायचं ते आडून कसं बोलावं याची कला इथल्या नटांना घरबसल्या आली. इंत्रुजातही, म्हणजे कार्निव्हलातही, गावाची, गावकारांची खिल्ली उडते. या सगळ्या खेळांत एक गोष्ट समान: ज्याची खिल्ली उडते तो समोर बसलेला असतो, आणि खिल्ली उडवणाऱ्याला सकाळी त्याच दुकानात पाव घ्यायला जायचं असतं. तिथं जाहीर माफीचा व्हिडिओ लागत नसे. नजरच पुरायची.

क्लिपनं हे मोडलं. दीड तासाच्या कार्यक्रमातली चाळीस सेकंदं कापून, कार्यक्रम न पाहिलेल्या माणसापर्यंत जातात. तो चिडतो, आणि मग माफीही त्याच अनोळखी माणसाकडे मागावी लागते. त्याला खरं लागलेलं नसतंच. ज्याला लागलं तो बहुधा गप्प असतो, किंवा चौथ्या रांगेतून उठून गेलेला असतो.

मात्र जुन्या खेळांचं फार गुणगान नको. माझा फार्स समोरासमोरच झाला होता. कंडक्टर समोर होता म्हणून आम्ही थांबलो का? आमच्या जत्रेच्या फार्सांत गेल्या कित्येक वर्षांत कुणाकुणाची चेष्टा झाली याची मनातल्या मनात उजळणी केली, तर बहिरा म्हातारा, काळी नवरी, लुगडं नेसलेला पुरुष, आणि सगळ्यांत जास्त वेळा घाटी गडी. घाट उतरून मजुरीला आलेला, हेल काढून बोलणारा, वास मारणारा घाटी. आम्ही गोंयकार या घाट्याला पोट धरून हसतो. हिंदी सिनेमात हातात बाटली आणि डोक्यावर हॅट घातलेला गोवेकर दिसला की मात्र आमचा स्वाभिमान लगेच जागा होतो, वृत्तपत्रांना पत्रं जातात. त्या घाट्यानं आजवर कुणाकडे माफीची मागणी केलेली नाही. तो मांडव घालायला येतो, खुर्च्या मांडतो, आणि फार्स चालू असताना मागे उभा राहून बघतो. हसतोही. त्याच्या हसण्याचा अर्थ मी आता लावू शकतो. तेव्हा लावला नव्हता.

आणि ज्या विनोदांची माफी कुणीच मागत नाही, त्यांत सत्तेवरच्या माणसांचे विनोदही आहेत. कला अकादमीच्या नूतनीकरणाचं काम निविदा न काढता दिल्यावरून २०२२ साली गोव्याच्या विधानसभेत प्रश्न आला. तत्कालीन कला आणि संस्कृती मंत्र्यांनी उत्तर दिलं, की शहाजहाननं ताजमहाल बांधताना कोटेशनं मागवली नव्हती. बाक वाजले असतील. पुढच्या वर्षी जुलैत, काम चालू असतानाच, अकादमीच्या खुल्या रंगमंचाचं छप्पर कोसळलं. रात्र होती, मंचावर कुणी नव्हतं, हे नशीब. त्या वास्तूत ज्यांनी पहिली भूमिका केली, पहिलं बक्षीस घेतलं, अशा शेकडो हौशी नटांपैकी मी एक आहे. मला त्या छपराचं दुःख झालं, पण ताजमहालच्या विनोदाबद्दल माफी मागा म्हणून मोर्चा काढावा असं माझ्या डोक्यातही आलं नाही. गोवेकरांनी त्या वाक्यावर पुढे इतके विनोद केले की हिशेब चुकता झाला म्हणायला हरकत नाही. मंत्र्यावर विनोद झाला की माफी आणि मंत्र्यानं विनोद केला की टाळी, या रिवाजाकडे मात्र बघायला हवं.

यंदाच्या जत्रेचा फार्स पुन्हा माझ्याकडे आला आहे. मी त्यात एक छप्पर घातलं आहे. नाटक चालू असताना ते थोडं थोडं खाली येतं, आणि प्रत्येक वेळी एक पात्र येऊन सांगतं, की हे मूळ आराखड्यातच होतं. गेल्या आठवड्यात मंडळाच्या नव्या अध्यक्षांचा फोन आला. पोरगा चांगला आहे, माझ्या वर्गमित्राचा मुलगा. म्हणाला, ‘काका, आमदार पुढच्या रांगेत असतील. ते छपराचं तेवढं काढा. उगाच मागाहून माफी मागायची पाळी नको.’ मी म्हटलं, बघतो. त्यानं पूर्ण संहिता वाचली होती. तिच्या पहिल्या खर्ड्यात सवयीनं एक घाटी गडीही येऊन बसला होता, दोन पानं भरून. त्याच्याबद्दल तो काही म्हणाला नाही.

गडी मी काढला. छप्पर ठेवलं आहे. अजून तालमी चालू आहेत, काय होतं बघू.

त्या निमित्तानं जुन्या वह्या काढल्या. तीस वर्षांपूर्वीच्या फार्सची वही सापडली, कडा वाळवीनं खाल्लेल्या. कंडक्टर आता नाही. त्याचा मुलगा, तो हात धरून नेलेला, फोंड्यात रिक्षा चालवतो आणि जत्रेला येतो. वहीत कंडक्टरच्या तिसऱ्या थांब्याच्या वाक्यासमोर समासात माझ्या अक्षरात, पेन्सिलीनं, नटासाठी सूचना आहे: ‘इथं मोठा हशा. तो ओसरेपर्यंत थांबणे.’